सांगली-मिरजेतल्या वाजवणाऱ्यांची युनियन झालीच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर या आपल्या पट्ट्यात वर्षभर कुठे ना कुठे काहीतरी वाजत असतंच, लग्नातला संगीत, साखरपुडा, गावची जत्रा, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, शाळेचं गॅदरिंग, कीर्तनाची साथ, नेत्यांचे वाढदिवस, लावणीचे शो, आणि हे सगळं वाजवणारी माणसं पण इथलीच आहेत. मी मिरजेत राहतो, ढोलकी, तबला आणि ऑक्टोपॅड वाजवतो, आणि माझं घर त्यावरच चालतं. आमचे व्हॉट्सॅप ग्रुप भरपूर आहेत, गावोगावी मंडळं पण आहेत, पण दराबद्दल, बिलाबद्दल, म्हातारपणाबद्दल सगळ्या वाजवणाऱ्यांच्या वतीने बोलेल अशी एक नोंदणीकृत युनियन माझ्या तरी बघण्यात नाही. ती झाली पाहिजे आणि लवकर झाली पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, पण शक्यतो सगळं छापा ही विनंती.

लोक म्हणतात आता वादकांना काम कुठे राहिलंय, सगळं कॉम्प्युटरवर होतं. मला हे अर्धंच पटतं. काम आहे. कामाचा भाव, वेळ आणि पैसे कधी मिळणार याचा पत्ता नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. आमच्याकडे "नाईट" ठरते. नाईट म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे. ती फोनवर ठरते. अमुक तारीख, अमुक गाव, एवढी नाईट, बयाणा देतो म्हणतात, तो बऱ्याचदा येत नाही, आपण निघतो कारण तारीख सोडली तर पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन जातो. संध्याकाळी पाचला रिपोर्टिंग सांगतात म्हणून आपण चारलाच वाद्यं घेऊन पोचतो, साउंड चेक होतो, मग पाहुणे यायचे असतात, पाहुणे आले की सत्कार, सत्कार झाला की भाषणं, आणि गाणी चालू होईपर्यंत साडेआठ वाजतात. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, बारापर्यंतची सूट वर्षातल्या ठराविक दिवसांनाच मिळते, जास्तीत जास्त पंधरा. नियम बरोबर आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही, म्हाताऱ्या माणसांना आणि परीक्षेच्या पोरांना झोप पाहिजेच. पण दहाला पोलिसांची गाडी येऊन उभी राहते, कार्यक्रम गुंडाळतात आणि मग आयोजक म्हणतो, अहो अर्धाच कार्यक्रम झाला की, अर्धे पैसे घ्या. भाषणं आम्ही केली होती का? माझ्या बाबतीत एका मोठ्या आयोजकाने हे केलंय, आणि उरलेल्या पैशांसाठी फोन केले तर आधी उद्या, मग सोमवार, मग फोन उचलणंच बंद. असा अनुभव नसलेला एक वादक मला या जिल्ह्यात दाखवा.

एकट्या वादकाने भांडून यात काही होत नाही. भांडलं की "तो लई कटकट करतो" असं नाव होतं आणि सीझनचे चार प्रोग्राम जातात. सीझन आहेच किती, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त चालू होतात ते आषाढ लागेपर्यंत, त्यातही मधे खंड, मग गणपती, मग पितृपक्षात शुकशुकाट, मग नवरात्र आणि दिवाळी. त्या दिवसांत कमवायचं आणि बाकीचे महिने ढकलायचे. अशा माणसाला एका आयोजकाशी वाकडं घेणं परवडत नाही आणि हे आयोजकाला पक्कं माहिती असतं.

मिरजेचं उदाहरण मुद्दाम देतो कारण बाहेरच्यांना मिरज संगीताचं गाव म्हणून माहिती आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेत, त्यांनीच पुढे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षा देशभरातली पोरं देतात त्याचं ऑफिस पण मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात त्यांच्या आठवणीत मोठमोठे कलाकार येऊन हजेरी लावतात. आणि सतारमेकर गल्ली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेच्या वर वर्षांपूर्वी तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि आज मिरजेची सतार, मिरजेचा तंबोरा जगभर जातो. त्या कारागिरांनी एकत्र येऊन कागदपत्रं केली, अर्ज केले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे वाद्य बनवणारे एकत्र आले आणि त्यांच्या वस्तूला सरकारी कागदावर नाव मिळालं, आणि ते वाद्य वाजवणारा मात्र कुठल्याच कागदावर नाही. सरकारच्या लेखी तो कामगार नाही, व्यापारी नाही, नोकर नाही. बँकेत लोन मागायला गेलं की व्यवसाय काय विचारतात, वादक म्हटलं की पुढचा प्रश्न, नाही ते ठीक आहे पण काम काय करता.

दर्ग्यातल्या हजेरीचा विषय निघाला म्हणून एक स्पष्ट करतो. तिथे, किंवा मिरजेच्या अंबाबाईच्या नवरात्रात कोणी सेवा म्हणून वाजवलं तर त्यात पैशाचं बोलायचं कारणच नाही, ती आमची पण श्रद्धा आहे आणि आम्ही ती मनापासून करतो. पण कमानीवर दहा स्पॉन्सरचे बोर्ड आहेत, मंडपवाल्याला, लाइटवाल्याला, केटररला, निवेदकाला पैसे मिळतात, मुंबईहून आलेल्या सेलिब्रिटीला आधी पैसे मिळतात आणि लोकल वादकाला सांगतात की तुम्हाला एक्सपोजर मिळेल. हा शब्द आता गावागावात पोचलाय. नवीन पोरं त्याला बळी पडतात, फुकट वाजवतात, आणि एकाने फुकट वाजवलं की दुसऱ्याचा दर पडतो. पोरांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना दर सांगणारं कोणीच नाहीये.

मुंबईत वादकांचे दर कसे ठरले ते जुन्या वादकांकडून ऐकलंय आणि त्यावर पुस्तकं पण आहेत. आधी फिल्म कंपन्या होत्या, आपल्या कोल्हापुरात १९२९ ला प्रभात सुरू झाली त्या काळातल्या कंपन्या, त्यांच्यात वादक महिन्याच्या पगारावर असायचे. मग स्टुडिओ मोडले, सगळे फ्रीलान्स झाले, आणि पगार गेला तसा पैशाचा भरवसा पण गेला. तेव्हा मुंबईतल्या वादकांनी सिने म्युझिशियन्स असोसिएशन उभी केली. सिनेकामगारांच्या युनियनचं फेडरेशन १९५६ ला झालं, त्याच्यात ही संघटना आहे. वादकांच्या ग्रेड ठरल्या, ग्रेडप्रमाणे दर ठरले, शिफ्ट ठरली, शिफ्टच्या वर गेलं तर जास्तीचे पैसे. ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमसला एका गाण्याला पन्नास-पन्नास, कधी शंभर वादक बसायचे, त्यात गोव्याहून आलेले कितीतरी, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, आणि आपल्या मराठीतले अनिल मोहिले, प्रभाकर जोग यांच्यासारखी माणसं. ती गाणी आपण आजही ऐकतो. त्या शंभरातल्या शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यालाही आपला दर काय हे माहिती होतं, कारण तो त्याने एकट्याने मागितलेला नव्हता.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आलं आणि ते मोठे ऑर्केस्ट्रा संपत गेले, हे पण खरं. युनियन असून काम गेलं, मग युनियनचा काय फायदा, असं एक सिनियर कलाकार मला म्हणाले. मला वाटतं युनियन मशीन थांबवू शकत नाही, पण मशीन आल्यावर माणसाचं काय हा प्रश्न टेबलावर ठेवू शकते, आणि त्याचं एक उदाहरण बाहेरचं आहे ते सांगतो. अमेरिकेत वादकांची युनियन १८९६ पासून आहे, गावोगावी तिच्या शाखा, त्यांना ते लोकल म्हणतात. रेकॉर्ड आल्यावर हॉटेलात, रेडिओवर जिवंत वादकांच्या जागी तबकड्या वाजायला लागल्या तेव्हा १९४२ च्या ऑगस्टपासून त्यांनी रेकॉर्डिंगच बंद केलं, दोन वर्षांच्या वर चाललं ते, आणि पुढे भांडणातूनच १९४८ ला एक ट्रस्ट फंड तयार झाला. रेकॉर्ड कंपन्यांनी विकलेल्या रेकॉर्डमागे त्यात पैसे टाकायचे आणि त्या पैशातून गावातल्या वादकांना मानधन देऊन बागेत, शाळेत, हॉस्पिटलात लोकांसाठी फुकट कार्यक्रम करायचे. म्हणजे ज्या मशीनमुळे काम गेलं त्याच मशीनच्या कमाईतून काम तयार केलं. हे मला फार आवडलं.

आपल्याकडे आज ट्रॅकचं, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या साथीचं तेच चाललंय. गायक लॅपटॉप घेऊन येतो, ट्रॅक लावतो, गातो. जिथे आठ जणांचा ऑर्केस्ट्रा असायचा तिथे एक कीबोर्ड, एक पॅड आणि बाकी ट्रॅक. कराओके क्लब निघालेत, लोक हौसेने गातात, गाऊ देत की, मला त्याचा अजिबात राग नाही. आपल्या आनंदासाठी माणूस गातोय त्याला कोण अडवणार. पण महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका, सरकारी महोत्सव, जिथे तुमच्या-आमच्या टॅक्सचा पैसा आहे, तिथे तरी वादक जिवंत पाहिजेत आणि त्यातले निदान अर्धे याच जिल्ह्यातले पाहिजेत. टेंडरमध्ये मंडपाचा साइज लिहितात, खुर्च्या किती ते लिहितात, जनरेटर केवढा ते लिहितात. वादक किती, कुठले, त्यांना किती आणि किती दिवसांत पैसे, ही एक ओळ लिहायला काय अडचण आहे? एकटा वादक पालिकेत जाऊन हे सांगायला लागला तर शिपाई पण आत सोडत नाही, युनियनचं लेटरहेड असेल तर आयुक्तांना उत्तर द्यावं लागतं.

आता युनियन कशी पाहिजे यावर माझं मत जरा कडक आहे. बरेच जण "कलाकार संघटना" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे स्टेजवरचे लोक असतात, कुर्ता घातलेले, नाट्यगृहात वाजवणारे. बँडवाला, बेंजोवाला, हलगीवाला, सनई-चौघडेवाला त्यांच्या हिशोबात नसतो. हे मला मान्य नाही. बँडमधला क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारा माणूस एप्रिल-मेच्या उन्हात गणवेश घालून वरातीपुढे चार-चार तास उभा राहून वाजवतो, कितीतरी जणांनी सीझनच्या आधी मालकाकडून उचल घेतलेली असते, ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो तशीच, आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. हलगी आणि सनई पिढ्यानपिढ्या ज्या समाजांनी जिवंत ठेवली त्यांना लग्नात अजूनही जेवायला वेगळं, शेवटी बसवणारी घरं आहेत, मी हे डोळ्यांनी बघितलंय. युनियनमध्ये पहिल्या दिवसापासून ही माणसं नसतील, आणि नुसती मेंबर म्हणून नाही तर कमिटीवर नसतील, तर मी त्या युनियनमध्ये जाणार नाही. तसंच मुली. आता तबला, कीबोर्ड, व्हायोलिन, ढोलकी वाजवणाऱ्या पोरी पुष्कळ आहेत, रात्री बाराला कार्यक्रम संपल्यावर पन्नास किलोमीटर घरी जायची सोय काय, कपडे बदलायला खोली आहे का, हे आजपर्यंत प्रत्येक मुलीने एकटीने विचारायचं आणि आयोजकाने हसण्यावारी न्यायचं असं चाललंय. या गोष्टी बुकिंगच्या वेळीच ठरायला पाहिजेत.

दुसरं, आपला मेंबर नसेल त्याला वाजवू देणार नाही, ही भाषा नको. मुंबईत फिल्म लाइनच्या संघटनांनी फक्त मेंबरलाच काम द्या असा हट्ट धरला होता, त्यावर निर्मात्याने तक्रार केली आणि २०१७ ला धंद्यातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन कमिशनने त्यांना ते थांबवायला सांगितलं. दादागिरीने माणसं जोडली तर ती भीतीने राहतात. मेंबर झाल्यावर थकलेलं बिल मिळतंय, विमा मिळतोय हे दिसलं की माणसं आपोआप येतील.

नोंदणी करता येते का, मालकच नाही तर युनियन कसली, असं एका वकिलाने मला विचारलं होतं. हाच प्रश्न अहमदाबादला १९७२ मध्ये इला भट्ट यांना लेबर ऑफिसने विचारला होता. फेरीवाल्या, घरी बसून काम करणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायकांची 'सेवा' नावाची युनियन नोंदवायला गेल्यावर, तुमचा मालक कोण, कोणाविरुद्ध भांडणार असं विचारलं, आणि त्यांनी सांगितलं की युनियन कोणाविरुद्ध असायला पाहिजे असं नाही, कामगारांनी एकत्र यायला असते. नोंदणी झाली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सात जणांनी अर्ज करायचा असायचा, नव्या लेबर कोडमध्येही सातच जण आहेत, सोबत त्या धंद्यातले दहा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी तेवढे मेंबर लागतात. सांगली-मिरजेत एका गणपतीच्या संध्याकाळी रस्त्यावर शंभर वादक सहज असतात.

आणि महाराष्ट्राकडे तर घरचाच मार्ग आहे. माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी लढा उभा केला आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. हमालाचं आमच्यासारखंच होतं, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, एक मालक नाही, हजेरी नाही, पगारपत्रक नाही. तरी कायद्याने मार्ग काढला. बोर्ड केलं, त्यात मालक, कामगार, सरकार तिघांची माणसं, हमालाची नोंद बोर्डात, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के जादा रक्कम, बोर्डात भरायची आणि बोर्डाने हमालाला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी द्यायचं. बांधकामावर पण सेस, म्हणजे उपकर आहे, त्यातून मजुरांचं मंडळ चालतं. मग इव्हेंटच्या बजेटवर एक टक्का सेस लावून वादक, गायक, साउंडवाले, लाइटवाले यांचं एक कल्याणकारी मंडळ का होऊ शकत नाही? लाखो रुपयांचे सोहळे होतात, त्यातला एक टक्का कोणाला जड होणार नाही. सिनेमाच्या बाबतीत तर १९८१ च्या सिनेकामगार कल्याण कायद्यात कामगाराच्या व्याख्येत म्युझिशियन हा शब्द स्पष्ट लिहिला होता. कॅमेऱ्यासमोर वाजवलं तर कामगार आणि जत्रेत वाजवलं तर कोणीच नाही, असं कसं चालेल?

मंडळ व्हायला वेळ लागेल, विधानसभेपर्यंत जावं लागेल. युनियन मात्र एक काम पहिल्याच महिन्यात करू शकते, बुकिंगची छापील चिठ्ठी. एकच पान. तारीख, ठिकाण, रिपोर्टिंगची वेळ, सुटायची वेळ, नाईट किती, बयाणा किती, उरलेले पैसे वाद्यं गाडीत भरायच्या आधी, प्रवास आणि जेवण कोणाकडे, कार्यक्रम आयोजकाच्या कारणाने उशिरा सुरू झाला किंवा दहाला बंद झाला तरी पैसे पूर्ण, पाऊस आला किंवा आदल्या दिवशी रद्द झाला तर किती, रेकॉर्डिंग करून यूट्यूबला टाकणार असाल तर त्याचं वेगळं. सही दोघांची. ही चिठ्ठी व्हॉट्सॅपवर भरून पाठवली तरी चालेल. आयोजकांमध्येही प्रामाणिक माणसं भरपूर आहेत, त्यांनाही हेच पाहिजे, कारण ऐनवेळी जास्त पैसे मागून अडवणारे वादक पण आहेत, दोन ठिकाणी तारीख देऊन एकाला टांग मारणारे पण आहेत. चिठ्ठी दोघांना बांधेल. युनियनने आपल्या मेंबरला पण जाब विचारला पाहिजे, नाहीतर आयोजक तिच्यावर विश्वास का ठेवतील.

वाद्यांचा विमा हे दुसरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आमच्यातल्या कितीजणांचे कीबोर्ड, अँप, पेट्या, तबले गेले. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, भिजली की संपलं. घरांना, दुकानांना भरपाईचे पंचनामे झाले, वाद्य हे रोजीरोटीचं साधन म्हणून कोणी लिहून घेतलं नाही. एकेकट्याला विमा महाग पडतो, शंभर-दोनशे जणांचा ग्रुप विमा असेल तर कंपन्या बोलायला तयार होतात. तशीच २०२० ची टाळेबंदी. मार्चमध्ये, ऐन सीझनच्या तोंडावर सगळं बंद झालं आणि सगळ्यात शेवटी जे उघडलं त्यात आम्ही होतो. चांगल्या चांगल्या वादकांनी भाजी विकली, रिक्षा चालवल्या, काहींनी वाद्यं विकली ती परत घेता आली नाहीत. कोण किती अडचणीत आहे याची यादीच कोणाकडे नव्हती, त्यामुळे मदत करणाऱ्यांनाही कोणाला करावी कळत नव्हतं.

संधीचं म्हणाल तर नवीन संधी खूप आहेत आणि त्या एकट्याला दिसत नाहीत. घरच्या घरी माइक आणि ऑडिओ इंटरफेस लावून ढोलकीचा, बासरीचा, सतारीचा पीस रेकॉर्ड करून मुंबई, पुणे, परदेशात पाठवणारे दोघे-चौघे आपल्याकडे आहेत, चांगलं कमावतात. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांमधल्या लोकांच्या पोरांना तबला-पेटी ऑनलाइन शिकवणारे आहेत. आकाशवाणीची ऑडिशन देऊन ग्रेड घेता येते, बी, बी हाय, ए, टॉप, सांगली आणि कोल्हापूर दोन्ही केंद्रं जवळ आहेत, आणि ग्रेड असली की बाहेर दर मागताना जोर येतो, पण फॉर्म कधी निघतात हे निम्म्या पोरांना माहितीच नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात कलाशिक्षणावर भर आहे म्हणतात, मग विशारद झालेली पोरं शाळांना हवी असणारच, त्यांची यादी शाळांकडे कोण देणार? कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा नाटकवाल्यांचं नुकसान सगळ्यांनी मांडलं, तिथल्या कार्यक्रमांवर पोट असलेल्या वादकांचं कोणी मांडलं नाही. या सगळ्यासाठी एक खोली, एक फोन आणि रोज दोन तास बसणारा माणूस पाहिजे. वर्गणीतून एवढं होतं.

कॉपीराइटचं मला फार उशिरा कळलं आणि ते सगळ्या पोरांना कळावं अशी तळमळ आहे. आपल्या कायद्यात परफॉर्मर म्हणजे कोण याच्या व्याख्येत म्युझिशियन आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर परफॉर्मन्सचा व्यापारी वापर झाला तर परफॉर्मरला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि परफॉर्मरचे हक्क पन्नास वर्षं चालतात. गायकांची जी हक्क संस्था आहे तिने आता वादकांनाही घेतलंय. पण त्याच व्याख्येत एक अट आहे, सिनेमात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला परफॉर्मर धरलं जात नाही. म्हणजे ढोलकीच्या एका तुकड्यावर अख्खं गाणं उभं असलं तरी, नाव कुठेच नसेल तर तो तुकडा किरकोळ होता म्हणायला समोरच्याला वाट मोकळी. म्हणून पोरांनो, पैसे चार कमी मिळाले तरी चालतील पण नाव लिहून घ्या, यूट्यूबच्या खाली, अल्बममध्ये, टायटलमध्ये, जिथे जमेल तिथे, आणि बायआउट, म्हणजे एकदाच पैसे घेऊन सगळे हक्क सोडणं, असा शब्द असलेल्या कागदावर विचारल्याशिवाय सही करू नका.

नावाचा आणखी एक फटका म्हातारपणी बसतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधनाची योजना आहे, आता महिन्याला ५००० रुपये मिळतात, पन्नाशी ओलांडलेल्याला अर्ज करता येतो. चांगली योजना आहे. पण इतकी वर्षं कला केली याचे पुरावे जोडायचे असतात, सर्टिफिकेट, पत्रिका, पेपरची कात्रणं. आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाकडे कुठली पत्रिका असणार, त्याचं नाव कधी छापलंय कोणी? आमच्या ओळखीचे एक जुने ढोलकीवाले, अख्खा जिल्हा ज्यांना ओळखतो, त्यांच्याकडे चाळीस वर्षांच्या कामाचा एकही कागद निघाला नाही, फोटो निघाले त्यात ते गायकाच्या मागे अर्धे दिसतात. युनियनचं ओळखपत्र आणि चिठ्ठ्यांची फाइल असेल तर पुढच्या पिढीला हे भोगावं लागणार नाही. पण जे आज साठीत आहेत त्यांना आता कुठून पुरावा आणायचा?

म्हणून संपादकसाहेब, एक मागणं तुमच्याकडेच आहे. तुमच्या पेपरात कार्यक्रमाच्या बातम्या रोज येतात. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागत, प्रास्ताविक, आभार, सूत्रसंचालन सगळ्यांची नावं येतात, गायकांची येतात, आणि शेवटी "त्यांना वादकांनी साथ केली" एवढंच असतं, पुष्कळदा तेही नसतं. तिथे वादकांची नावं वाद्यासकट छापा. वार्ताहरांना तशी सूचना द्या, आयोजकांच्या प्रेसनोटमध्ये नावं नसतील तर विचारून घ्या, जागा कमी असेल तर पाहुण्यांतली दोन नावं कमी करा. बँड आणि बेंजो पार्टीच्या बातमीत पण नुसतं पार्टीचं नाव नको, माणसांची नावं. ते कात्रण कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवेल आणि दहा वर्षांनी मानधनाच्या अर्जासोबत जोडेल.

आणि हे पत्र वाचून ज्या वादकांना युनियनच्या नोंदणीसाठी नाव द्यायचंय, मग तो कुठल्याही वाद्याचा असो, स्टेजवरचा असो नाहीतर वरातीतला, त्यांनी आपापल्या गावच्या जुन्या वादकाकडे नाव, वाद्य आणि गाव लिहून द्यायला सुरुवात करा. शंभर नावं झाली की सांगलीला लेबर ऑफिसला अर्ज द्यायला मी येतो.

आपला,
एक ढोलकीवादक
मिरज, जि. सांगली